तिसरं मत

कुंदा वैरागडेचं स्वयंपाकघर एका मतानं पडलं, त्याला आता दीड महिना झाला होता. निकाल दुपारी लागला आणि संध्याकाळी ती शाळेतून परतली तेव्हा मधल्या खोलीचं मागचं दार उघडलं की थेट अंगण लागत होतं. शेगडी, डबे, पाटा-वरवंटा असं सगळं कुणीतरी तुळशीपाशी नीट रचून ठेवलं होतं. कुठं विटेचा तुकडा नाही की मातीचा ढीग नाही. कुंदानं पदर खोचला आणि शेगडी ओसरीवर मांडली. गाऱ्हाणं सांगायचं तरी कुणाला? धोटे वकिलांचा जिना गेला होता, ते शिडीनं माडीवर चढत. पोस्टमास्तरांची न्हाणी गेली होती, आणि ते कुठं आंघोळ करतात हे विचारायचं नाही असं गावानं न बोलता ठरवून टाकलं होतं.

पहिल्या फेरीत घरटी एक वस्तू मताला घालायची होती. कुंदानं घरातला रेडिओ घातला आणि तो पास झाला. त्यामुळे दुसऱ्या फेरीत, घराचा एक भाग घालताना, ती जरा गाफीलच राहिली. आता तिसऱ्या फेरीची नोटीस आली होती. घरटी एक व्यक्ती. खाली बारीक अक्षरात लिहिलं होतं: व्यक्ती सादर न केल्यास घरातील सर्व व्यक्ती सादर समजण्यात येतील.

घरात व्यक्ती दोनच. एक कुंदा, जिल्हा परिषदेच्या शाळेत चौथीच्या वर्गाला शिकवणारी. दुसरे तिचे सासरे, नारायणराव, ज्यांना ती मामाजी म्हणे. सरकारी दवाखान्यात बत्तीस वर्षं कंपाउंडर होते आणि अर्ध्या गावाला त्यांनी गोड औषध म्हणून कडू औषध पाजलं होतं. कुंदाचा नवरा नऊ वर्षांपूर्वी गेला. तेव्हा तिचे भाऊ तिला न्यायला आले होते. ती गेली नाही, मामाजींनी राहा म्हटलं नाही, जा म्हटलं नाही, आणि चहाला दूध जास्त झालं की कमी यावर दोघांची रोज सकाळी कुरबूर होत राहिली. त्या कुरबुरीवर कुंदाचा दिवस उभा होता. हे तिनं त्यांना कधी सांगितलं नव्हतं. असल्या गोष्टी सांगायची त्या घरात पद्धत नव्हती.

"मी जातो," मामाजी नोटीस वाचून म्हणाले. "मले बसून बसून कंटाळा येऊन राहिला."

"तुमच्यानं उभं तरी राहवते का? मी जाते."

"तुझी शाळा हाय."

"मतदान शाळेतच आहे, मामाजी. शाळेला सुट्टी दिली."

"मंग आराम कर ना बाई. सुट्टी काय रोज भेटते?"

म्हाताऱ्यानं वाद घातला तो नुसता वेळ काढायला. अर्ज त्यांनी सकाळीच भरून टाकला होता, निळ्या शाईनं, दवाखान्याच्या चिठ्ठीवर लिहावं तशा तिरप्या अक्षरात. नाव नारायण गणपत वैरागडे, वय चौऱ्याहत्तर. 'व्यक्तीचा उपयोग' असा एक रकाना होता. त्यात त्यांनी लिहिलं होतं: किरकोळ.

कुंदानं अर्ज हातात घेतला. "किरकोळ काय म्हणून लिहिलं?"

"मंग काय लिहू? खोटं लिहू काय सरकारी कागदावर?"

खाडाखोड केलेला अर्ज बाद होणार होता. कुंदा ओसरीवर गेली आणि शेगडीपुढे बसून राहिली. चहा त्या दिवशी कुणी केला नाही.

मंगळवारी सकाळी सातला शाळेच्या मैदानावर रांग लागली. जमिनीवर चुन्यानं दोन रेघा मारल्या होत्या आणि त्या दोन रेघांच्या मधून रांग चौथीच्या वर्गाच्या दारापर्यंत जात होती. दाराशी शिपाई उभा होता. त्याच्या डोक्यावरच्या फळ्यावर तीन नियम होते. रांगेत जे उभे असेल ते सादर समजण्यात येईल. प्रत्येक सादरीकरणास तीन मते पडतील. गप्प बसणाऱ्याचे मत 'नाही' धरण्यात येईल.

सोबत आलेल्या माणसांनी चुन्याच्या रेघेबाहेर राहायचं होतं. मामाजी आत उभे राहिले, बेचाळिसाव्या नंबरावर. कुंदा बाहेर कडुनिंबाखाली बसली. तिथून तिला वर्गाचं पुढचं दार दिसत होतं. तो तिचाच वर्ग. त्याला सहा खिडक्या असायच्या. आज बाहेरून मोजल्या तर तीन भरल्या.

तीन मतांपैकी दोन कुणाची हे गावाला ठाऊक होतं. पहिलं बोधनकर गुरुजींचं. ते आयुष्यात कुणाला नापास करू शकले नव्हते, म्हणून सगळ्यांना होय म्हणत. दुसरं सबानेबाईंचं. त्यांनी चाळीस वर्षं भाडेकरूंच्या प्रत्येक मागणीला नाही म्हटलं होतं आणि आता वेगळं काही म्हणायची त्यांना सवय राहिली नव्हती. म्हणजे सगळं घोडं तिसऱ्या मतावर अडत होतं. तिसरा कोण, ते कुणालाच माहीत नव्हतं. कुणी म्हणे जिल्ह्याहून साहेब आलाय, फार कडक आहे. कुणी म्हणे साहेब दयाळू आहे पण त्याला ऐकू कमी येतं.

पास झालेलं माणूस पुढच्या दारानं बाहेर येई आणि रांगेकडे न बघता, मान खाली घालून, भराभर घरी जाई. नापास झालेलं मागच्या दारानं जाई. मागे तुरीचं वावर होतं. कुंदा दोनदा उठून कुंपणाशी जाऊन आली. तूर वाऱ्यानं हलत होती. वावरातून कुणी चाललेलं तिला दिसलं नाही.

चौथीला गणित शिकवणाऱ्या बाईला नुसतं बसवत नाही. कुंदानं पिशवीतून पेन काढलं आणि तळहातावर खुणा करायला सुरुवात केली. आत गेला की एक रेघ. पुढून आला तर रेघेवर टिंब. पहिला पुढून आला. दुसरा आला नाही. तिसरा आला. चौथा नाही. पाचवा आला.

सहाव्या नंबरावर माणूस नव्हता, चप्पल होती. गुल्हाने नावाचे गृहस्थ आपली चप्पल रांगेत ठेवून चहाला गेले होते. त्यात वावगं काही नव्हतं. गावात रॉकेलच्या रांगेला, दाखल्याच्या रांगेला, सगळीकडे अशीच दगडाची, पिशवीची, चपलेची हजेरी चाले आणि माणसं सावलीत बसून आपापल्या दगडावर नजर ठेवत. पण शिपायानं नियम वाचला, चप्पल दोन बोटांत धरली आणि आत नेली. ती नापास झाली. गुल्हाने परत आले तेव्हा शिपाई म्हणाला, "तुमच्या घरचं झालं. जा तुम्ही."

"झालं म्हंजे?"

"चप्पल सादर झाली. घरटी एक."

गुल्हाने क्षणभर उभे राहिले आणि मग उरलेली एक चप्पल तिथंच सोडून अनवाणी पळत सुटले, रडत होते की हसत होते ते कळलं नाही. पुढच्या मिनिटाला सगळी रांग वाकली. जो तो चपला काढायला लागला.

शिपायानं शिटी वाजवली. "दगड, चपला, पिशव्या बंद! ज्याले मत देता येत नाही त्यानं रांगेत राहू नये!"

हे वाक्य कुंदाला विचित्र वाटलं. चपलेला कशाला मत द्यायला हवं? पण विचार करायला वेळ नव्हता, कारण सातवाही पुढून आला नाही. सहावी चप्पल नापास, सातवा माणूसही नापास. लागोपाठ दोन. मग आठवा आला, नववा नाही, दहावा आला.

तिनं तळहात डोळ्यांजवळ नेला. चपलेआधी विषम नंबर पास होत होते. चपलेनंतर सम. बाकी सगळं एकाआड एक, इतकं चोख की चौथीतलं पोरही सांगेल. वीस आला, एकवीस नाही. बावीस आला. अर्जात काय लिहिलंय, उपयोग किरकोळ की मोठा, याला काही अर्थच नव्हता.

मामाजी बेचाळीस होते. सम.

कुंदाला इतकं हायसं वाटलं की तिनं डब्यातला एक लाडू खाल्ला. मग तिची नजर मामाजींच्या मागं गेली. त्रेचाळिसावी होती शेवंताबाई, बाजारात सुया, दोरे, बांगड्या विकणारी. घरात एकटीच, म्हणून आपल्या घरातून आपणच आलेली. डोक्यावर पत्र्याची पेटी होती, ती खाली ठेवली तर पेटीही सादर होईल या भीतीनं तिनं ती सकाळपासून खाली ठेवलेली नव्हती. एका हातानं पेटी धरून, दुसऱ्यानं कंबर दाबत ती उभी होती.

"मास्तरीणबाई," तिनं कुंदाला हाक मारली, "तुमी काईतरी हिशेब करून राहिल्या. आमचं काय होईन?"

"मला काय माहीत बाई," कुंदा म्हणाली. "शाळेचा हिशेब आहे."

खोटं बोलायला तिला जड गेलं नाही, आणि जड गेलं नाही याची लाज वाटली. पण ती लाज तिनं लाडवाबरोबर गिळली. तिच्याकडे एकच माणूस होता.

उन्हं चढली. रांग पुढं सरकत होती तशा चुन्याच्या रेघा एकमेकींकडे येत होत्या. सकाळी दोन माणसं शेजारी उभी राहतील एवढी जागा होती. आता माणसं तिरपी उभी होती. अडतीस आला. एकोणचाळीस नाही. चाळीस आत गेला. कुंदा उठून रेघेच्या अगदी काठाशी गेली, म्हणजे शेवटी मामाजींना निदान तोंड दाखवता येईल. आणि तिनं पाहिलं ते असं, की बेचाळिसाव्या जागेवर पत्र्याची पेटी होती आणि तिच्याखाली शेवंताबाई. मामाजी तिच्या मागे उभे होते, आपल्या पाठीला हात लावून, प्रसन्न.

"मामाजी! तुम्ही मागं कसे आले?"

"त्या बाईची कंबर दुखून राहिली. व्हा पुढं म्हटलं. एका नंबरानं काय फरक पडते?"

बत्तीस वर्षं हा माणूस दवाखान्याच्या दारात उभा राहून हेच करत होता. ज्याला जास्त दुखतं तो आधी. डॉक्टर ओरडायचे, रांगेतले ओरडायचे, पण ज्याला जास्त दुखतं तो आधी. कुंदानं रेघेवरून वाकून त्यांच्या कानाशी तोंड नेलं आणि सगळं सांगितलं. सम पास, विषम नापास. चपलेपासून एकदाही चुकलेलं नाही. आता तुम्ही त्रेचाळीस आहात.

मामाजी ऐकत होते. त्यांचा चेहरा हळूहळू उतरला, पण त्याचं कारण वेगळं होतं.

"म्हंजे तुले सकाळपासून माहीत होतं?"

"हो."

"अन ह्या बाईचं काय होनार ते?"

"तुमची जागा परत मागा, मामाजी. ती देईल. मी मागते."

"हात लावू नको तिले," मामाजी म्हणाले. इतक्या कडक आवाजात ते नऊ वर्षांत बोलले नव्हते. मग आवाज उतरवून म्हणाले, "घरी जा. उन्हाची बसू नको. रात्रीची खिचडी आहे ती खराब होईन, पहिले ती खाऊन घे."

एकेचाळिसावा आत गेला. आता शेवंताबाई, मग मामाजी. कुंदाचं डोकं चालत होतं, आणि त्याला एकच गोष्ट दिसत होती. मामाजींच्या पुढं आणखी एक सादरीकरण हवं. दगड चालत नाही, चप्पल चालत नाही. माणूसच हवा. तो माणूस त्रेचाळीस होईल आणि मामाजी चव्वेचाळीस. तिनं रेघ ओलांडली आणि मामाजींच्या पुढच्या फटीत शिरली. रेघा इतक्या जवळ आल्या होत्या की तिला श्वास सोडून आत सरकावं लागलं. मामाजींच्या मागच्या सगळ्यांचे नंबर आपण एकानं हलवले, जे पास होणार होते ते आता होणार नाहीत, हे तिला पक्कं ठाऊक होतं. तिनं मागं वळून पाहिलं नाही.

"येडी झाली काय? बाहेर हो!" मामाजी तिचा दंड ओढत म्हणाले.

"रांगेत उभं असेल ते सादर," शिपाई म्हणाला. "आता नाही जमत. अन घरटी एक बोलले तरी जास्तीची हरकत नाही."

"तिले जाऊ द्या ना जी. ती शाळेत शिकवते. तिचा उपयोग हाय!"

"उपयोगाचा रकाना कोणी वाचत नाही, बाप्पा," शिपाई म्हणाला. तो वाईट माणूस नव्हता.

कुंदाला बरं वाटत होतं. खरंच बरं वाटत होतं. एकदा ठरल्यावर जीव टांगणीला राहत नाही. तिनं मामाजींचा हात आपल्या दंडावरून काढला आणि नुसता धरून ठेवला. तोही त्यांच्या घरातला पहिलाच प्रसंग.

शेवंताबाईपाठोपाठ तिला आत घेतलं. वर्ग तिचाच होता, भिंतीवर तिनंच रंगवलेले पाढे होते, पण सातच्या पाढ्यापुढं भिंत संपत होती. खिडकी एकच उरली होती. टेबलामागं तीन खुर्च्या. पहिलीत बोधनकर गुरुजी, दुसरीत सबानेबाई. तिसरीत एकेचाळिसावा बसला होता. मघाशी रांगेत पुढं उभा असलेला, सायकलच्या दुकानातला केशवराव, नुकताच नापास झालेला. एका कोपऱ्यात कारकून वही उघडून बसला होता.

शेवंताबाई पेटीसकट मधोमध उभी राहिली.

"होय," गुरुजी म्हणाले.

"नाही," सबानेबाई म्हणाल्या.

"होय," केशवराव म्हणाला. अगदी सहज म्हणाला. त्याला आता कशाचीच धास्ती नव्हती. तो उठला, शेवंताबाईला खुर्ची दिली आणि मागच्या दारानं निघून गेला.

तेव्हा कुंदाला सगळं कळलं. साहेब नव्हताच. तिसरं मत पुढच्या माणसाचं होतं. जो नापास होई तो मागच्याला होय म्हणे, कारण त्याचं जायचं ते गेलेलं असे. जो पास होई तो मागच्याला नाही म्हणे. चपलेला काही म्हणता आलं नाही, म्हणून तिचं मत 'नाही' धरलं गेलं. चाळीस माणसांत, ओळखीच्या, चांगल्या, अडीनडीला धावणाऱ्या माणसांत, पास झालेल्या एकानंही मागच्याला होय म्हटलं नव्हतं. का म्हटलं नव्हतं, एवढंच तिला कळेना.

ती मधोमध जाऊन उभी राहिली. गुरुजी होय म्हणाले. सबानेबाई नाही म्हणाल्या. शेवंताबाईनं पेटी मांडीवर घेतली होती. ती पास झाली होती. तिचे ओठ घट्ट मिटले होते आणि कपाळावरून घाम वाहत होता.

कुंदा वाट बघत होती. आता ही नाही म्हणेल. मग मी त्या खुर्चीवर बसेन आणि होय म्हणेन, आणि मामाजी पुढच्या दारानं घरी जातील. खिचडी आहे. दोन वेळचं होईल.

"ह्या बाईच्या सासऱ्यानं," शेवंताबाई दातांच्या फटीतून म्हणाली, "मले पुढं येऊ देल्लं." तिनं पेटीचं कडं इतकं घट्ट धरलं की बोटं पांढरी झाली. तिला उलटीसारखा एक उमाळा आला. "होय," ती म्हणाली. "होय! लिवा. होय."

कारकुनानं मान वर केली. वहीत त्यानं मागची दोन-तीन पानं उलटून पाहिली, मग खांदे उडवून लिहिलं. शेवंताबाई पेटी डोक्यावर घेऊन लटपटत पुढच्या दारानं निघून गेली.

"बसा," शिपाई कुंदाला म्हणाला.

ती खुर्चीवर बसली आणि तिला पास होणं म्हणजे काय ते समजलं. पायाखालची फरशी घट्ट झाली. गेला दीड महिना फरशी कधीही निघून जाईल अशी आपण पावलं टाकत होतो, हे तिच्या आत्ता लक्षात आलं. आता ती नक्की इथं होती. इतकी नक्की ती जन्मात कधी नव्हती. आणि त्याबरोबर भीती आली, मागच्या भीतीपेक्षा कितीतरी मोठी. मघाशी गमवायला काही उरलं नव्हतं. आता होतं. जिभेखाली काहीतरी सुपारीएवढं, टणक, येऊन बसलं. ते काय आहे हे तिनं जिभेनं चाचपून ओळखलं. तो शब्द होता, 'नाही'. ठेवलेला, तयार.

मामाजी आत आले. भिंती जवळ आल्यामुळे त्यांना अंग तिरपं करून यावं लागलं. कुंदाला तिसऱ्या खुर्चीवर पाहून त्यांचा चेहरा उजळला. त्यांना एवढंच कळलं होतं की सून पास झाली. ते तिच्याकडे बघून, दवाखान्यात पोरं सुई घेताना रडली नाहीत तर हसायचे, तसे हसले.

"होय," बोधनकर गुरुजी म्हणाले.

"नाही," सबानेबाई म्हणाल्या.

"तिसरं मत," कारकून म्हणाला.

होय. एवढंच म्हणायचं होतं. दिवसातून शंभरदा ती म्हणे. होय मामाजी, आणते. होय, ठेवलं. परकी बाई तिच्यासाठी म्हणून गेली होती, एका नंबराच्या उपकारासाठी. आणि हा तर तिचा माणूस होता, जगात एकच. तिनं तोंड उघडायला घेतलं आणि तो टणक शब्द गडगडत जिभेवर आला. तिनं दात मिटले. तोंड उघडलं की आधी तोच पडणार होता. होय त्याच्या मागं होतं, घशात, खाली कुठंतरी.

"बाई, दहापर्यंत मोजतो," शिपाई अजिजीनं म्हणाला. "नियम हाय. एक. दोन."

तिनं मान हलवून पाहिली, वर खाली, वर खाली.

"मान नाही चालत," कारकून वहीतून डोकं न काढता म्हणाला. "तोंडातून बाहेर आलेला शब्द पाहिजे. कसाही येवो."

"तीन. चार."

तिच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. मामाजींचं हसू गेलं. त्यांनी तिच्याकडे नीट पाहिलं, आधी डोळे, मग गाल, मग गळा. आपलं काय होणार हे त्यांच्या मनातच नव्हतं. ते दोन पावलं पुढं आले.

"काय होऊन राहिलं बाई? घशात अडकलं काय काही?"

"पाच," शिपाई म्हणाला.

"थांबा हो जरा. दिसत नाही का तिले त्रास होऊन राहिला ते?" त्यांनी तिची हनुवटी धरली आणि तोंड खिडकीच्या उजेडाकडे वळवलं. ती हनुवटी त्यांनी अशा सरावानं धरली की दात आपोआप सुटले. "आ कर. मोठा आ. हां."

तिनं आ केला. मामाजींनी एक डोळा बारीक करून आत पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

"सहा. सात."

"हाय," ते म्हणाले. "दिसते मले. जिभेवरच हाय, खोल नाही गेलं." त्यांचा आवाज एकदम शांत, कामाचा झाला होता. "घाबरू नको. निघते हे. गिळू नको फक्त."

नका, असं तिला ओरडायचं होतं. पण तोंड उघडं होतं आणि उघड्या तोंडानं काही म्हणता येत नाही. मिटावं तर मध्ये त्यांचा अंगठा होता. कारकुनानं पेन उचललं.

"आठ," शिपाई म्हणाला.

मामाजींनी उजव्या हाताची दोन बोटं धोतराला स्वच्छ पुसली, आणि तिच्या तोंडात घातली.